रिसोडच्या ओट्यावरची अमेरिका

रिसोडला मी खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नवरा कुठे असतो, पाहुणे किती येतात, घरात मासे शिजवणार का, यातलं काहीच विचारलं नाही. ते हातात खडू घेऊन ओट्यावर उभे होते. मी साताऱ्याकडची आहे, इथल्या ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायला आले आहे, एवढं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "तुमच्याकडे अमेरिकेले काय म्हनून राह्यले लोकं?"

वऱ्हाडी बोली माझ्या कानाला नवी होती, त्यामुळे मला वाटलं ऐकण्यातच चूक झाली. पण प्रश्न तोच होता. मी म्हटलं, ज्यांची मुलं तिकडे आहेत ते चांगलं म्हणतात, बाकीचे काही म्हणत नाहीत. हे उत्तर त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी वळून भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर लिहिलं, 'सातारा: स्थिर'. मग आत तोंड करून हाक मारली, "अवो, खोली दाखवा यायले."

मी त्यांना त्या दिवसापासून काका म्हणत आले. धान्यबाजारात ते मापारी होते. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं की वजन मोठ्याने पुकारायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर पुकारायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी अमेरिका धरली, असं काकूंचं मत होतं. फळा कुठल्याशा शाळेच्या मोडीतून आणलेला. वरच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचं लिहिलेलं होतं, 'अमेरिकेची इज्जत'. त्याखाली रोज सकाळी खडूने एक शब्द येई. तेज, नरम किंवा स्थिर. बाजारात सोयाबीनला जे शब्द, तेच इथे.

हा शब्द ते घरबसल्या ठरवत नसत. सकाळी पेपर वाचून झाला की पायात चपला घालून फेरीला निघत. बसस्टँडचा चहावाला, केस कापायचं दुकान, बाजारातले हमाल, भाजीवाल्या बाया. प्रत्येकाला एकच प्रश्न, "काय म्हनते अमेरिका?" लोक वाट्टेल ते सांगत. एका भाजीवालीने सांगितलं, मले अमेरिका मालूम नाही, पन माही धाकली सून लय तोंडाळ हाय. काकांनी तिचं 'मत नाही' असं धरलं, पण धरलं. ज्याला काहीच माहीत नाही त्याचं मत ते इतरांइतकंच वजनाचं मानत. इज्जत देणारा माणूस हुशारच पाहिजे असं कुठे लिहिलं आहे, असं मलाच विचारत.

मी भूगोलाची असल्यामुळे सुरुवातीला त्यांना दुरुस्त करायला गेले. म्हटलं, काका, जगात यासाठी मोठमोठ्या पाहण्या होतात, हजारो लोकांना विचारतात. त्यांनी शांतपणे विचारलं की ते पाहणीवाले रिसोडला आले होते का. नव्हते आले. "मंग त्यायचा काटा अधुरा हाय," काका म्हणाले. "अमेरिकेवाल्यायसाठी परदेस म्हंजे कोन? आपनच ना? मंग परदेसात इज्जत किती हाय थे परदेसातल्या मानसालेच इचारा लागन." मी पृथ्वीचा गोल डोळ्यांपुढे आणून बराच विचार केला. चूक सापडली नाही.

त्यांचे काही कडक नियम होते. तिथल्या कुठल्याही पुढाऱ्याचं नाव ते तोंडातून काढत नसत. चार वर्षांत मी एकदाही ऐकलं नाही. नाव निघालं की चहाच्या टपरीवर भांडण लागतं आणि काटा हलतो, असं ते सांगत. दुसरा नियम, सोयाबीनचा भाव आणि अमेरिकेची इज्जत यांची गल्लत करायची नाही. तिकडे पीक चांगलं आलं की इकडे भाव पडतो, शेतकरी अमेरिकेला शिव्या घालतात. त्या शिव्या काका मोजत नसत. चांगलं पिकवणं हा गुन्हा नाही, म्हणत.

गाजर गवताचं मात्र त्यांना मोजावं लागलं. रस्त्याकडेचं ते पांढऱ्या फुलांचं गवत, ज्याने अंगाला खाज सुटते, ते जुन्या काळी अमेरिकेच्या गव्हातून आपल्याकडे आलं, असं आमच्या भागात सगळेच मानतात. काकांचं थोडं शेत होतं. तिथे बांधावर ते दरवर्षी हे गवत उपटत आणि घरी येऊन हात खाजवत हिशोब मांडत, दुष्काळात गहू दिला म्हणून एक पारडं, त्यात गवत आलं म्हणून दुसरं. मी विचारलं, मग तोल कुणीकडे? काका म्हणाले, "गहू खाऊन सरला, मॅडम. गवत अजून हाय." त्या दिवशी फळ्यावर 'नरम' आलं. दुसऱ्या दिवशी खाज कमी झाली तेव्हा 'स्थिर'.

काकूंना अमेरिकेशी काही देणंघेणं नव्हतं. फळ्याची खालची अर्धी बाजू त्यांनी आपल्या कामाला घेतली होती. एकदा सकाळी वर काकांच्या अक्षरात 'नरम' आणि खाली काकूंच्या अक्षरात 'गॅस आला नाही' असं एकाखाली एक आलं. शेजारच्या मालेगावच्या एका प्रवाशाने जाता जाता ते वाचलं आणि मालेगावभर पसरवलं की रिसोडच्या मापाऱ्याने शोध लावला आहे, अमेरिकेची इज्जत घसरली म्हणून सिलिंडर मिळेना. दुपारपर्यंत चार जण खुलासा मागायला आले. मला वाटलं काका चिडतील. ते दोन दिवस विचार करत बसले आणि मग मला म्हणाले की संबंध असू शकतो.

स्वीट कॉर्नचंही असंच. आठवडी बाजारात एक गाडी लागायची, 'अमेरिकन स्वीट कॉर्न'. एका गुरुवारी काकांना तिच्यावर नुसतं 'स्वीट कॉर्न' दिसलं. ते भाजी न घेता परत आले आणि फळ्यावर 'नरम' लिहून त्याखाली रेघ मारली. दुनियादारीत मुरलेला व्यापारी स्वतःहून नाव काढून टाकतो म्हणजे गोष्ट हाताबाहेर गेली, असं त्यांनी मला समजावलं. पुढच्या बाजाराला मी गाडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, बॅनर फाटलं, डाव्या बाजूचा तुकडा म्हशीनं खाल्ला. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा काकांनी 'स्थिर' लिहिलं आणि बाजूला 'दुरुस्ती. म्हैस' असं नोंदवलं. चूक कबूल करायला त्यांना कधी लाज वाटली नाही.

याच माणसामुळे काकूंच्या भाचीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

भाची म्हणजे काकूंच्या भावाची मुलगी. मालेगावला औषधाच्या दुकानात कामाला होती. शांत, बोलण्यात मोजकी, डोळ्याला डोळा भिडवून बघणारी. काकूंनी तिच्यासाठी स्थळ काढलं ते इंझोरीचं. घरची शेती, एकुलता एक मुलगा, आणि मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीत. भावाच्या घराचं स्लॅब टाकायचं काम चालू होतं, म्हणून पाहण्याचा कार्यक्रम रिसोडला ठरला. नेमके ते दिवस असे की पेपरात रोज व्हिसा कडक झाल्याच्या आणि आयातीवर कर चढवल्याच्या बातम्या. तीन आठवडे फळ्यावर 'नरम' शिवाय दुसरा शब्द नव्हता.

काकूंनी आधी गोडीत सांगितलं की एका दिवसापुरतं 'तेज' लिहा. काका नाही म्हणाले. मग 'स्थिर' तरी लिहा. तेही नाही. काकूंनी बोलणं बंद केलं आणि रोज दोन्ही वेळा गवारीची भाजी करायला लागल्या, जी काकांना घशाखाली उतरत नसे. आठ दिवस काका गवार खात राहिले. मी मध्यस्थी करायला गेले तेव्हा म्हणाले, "तीस वर्सं काटा धरला, मॅडम. सग्या भावाच्या पोत्याले बी एक किलो जास्त पुकारला नाही. भाचीसाठी पुकारू काय?" शेवटी तोडगा असा निघाला की शब्द बदलायचा नाही, पण फळा झाकायला काकांची हरकत नाही. काकूंनी मोरांची नक्षी असलेली नवी चादर काढली आणि फळ्यावर घातली. तेव्हा कुठे काकांची, आणि त्यांच्याकडेच जेवत असल्यामुळे माझीही, गवारीतून सुटका झाली.

रविवारी सकाळी इंझोरीहून पाहुणे आले. मुलाचे वडील जीपमधून उतरले ते चपला काढायच्या आधीच विचारते झाले, तो फळा कुठे आहे? जीपवाल्याने त्यांना वाटेत सगळं सांगितलं होतं. काकू पुढे होऊन पाणी देईपर्यंत त्यांनी चादर उचलून वाचलंसुद्धा. आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी मोबाइल काढून फळ्याचा फोटो घेतला. नीट आला नाही म्हणून दुसरा घेतला.

हे पाहून मुलाच्या आईने चादर ओढून फळा पुन्हा झाकला. मग जे निघालं ते आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांना मुलगा परत यायला हवा होता. बत्तीस एकरांत आपण एकटेच फिरतो, असं ते म्हणाले. आईला मुलगा तिकडेच राहायला हवा होता. इंझोरीत हळदीकुंकवाला तिला पहिली खुर्ची मिळायची ती अमेरिकेवाल्याची आई म्हणून, आणि ही खुर्ची तिने सासूच्या, जावांच्या नाकावर टिच्चून मिळवली होती. सगळे आत येऊन बसले तरी दोघं एकमेकांशी असे बोलत राहिले की जणू आम्ही तिथे नव्हतोच. भाची पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलगी पाहायला आलेल्यांपैकी एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही. ती थोडा वेळ उभी राहिली, मग ट्रे ठेवून माझ्या शेजारी बसली आणि एक बशी उचलून पोहे खाऊ लागली.

इतक्यात ठरल्याप्रमाणे मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ होती. वडिलांनी फोन थेट काकांच्या हातात दिला आणि म्हणाले, "सांगा बरं याले, काय इज्जत राह्यली थ्या देसाची."

काकांनी फोन डोळ्यांसमोर सरळ धरला. मग म्हणाले, "मी इथला काटा सांगतो. तिथला तुमी सांगा. तुमी बिमार पडले त कोन इचारते तुमाले?"

मुलाने सांगितलं की मागच्या हिवाळ्यात त्याला ताप आला होता. खालच्या मजल्यावर एक म्हातारी अमेरिकन बाई राहते. तोवर त्याला तिचं नावही माहीत नव्हतं. तिने खोकला ऐकला आणि सूपचं भांडं दाराशी आणून ठेवलं. चार दिवस रोज ते भांडं भरून द्यायची आणि त्याला रागवायची, की पायात मोजे का नाहीत. तिला असं करायला कुणी सांगितलं होतं का, असं काकांनी विचारलं. मुलगा म्हणाला, कुणीच नाही.

काका फोन माझ्या हातात देऊन उठले, ओट्यावर गेले, चादर बाजूला केली, 'नरम' पुसलं आणि 'किंचित तेज' लिहिलं. पाहुणे आत तसेच बसून राहिले. मुलाच्या आईला आनंद झाला, वडिलांचं तोंड उतरलं, आणि काकूंनी डोळे मिटून घेतले. त्यांना नेमकं कशासाठी वाईट वाटावं हे कळत नव्हतं.

तेव्हा भाचीने बशी खाली ठेवली आणि माझ्या हातातल्या फोनकडे वाकून पहिल्यांदाच तोंड उघडलं. विचारलं, ते भांडं परत देताना घासून दिलं होतं का?

मुलगा चाचरला. म्हणाला की भांडं अजून त्याच्याकडेच आहे. सिंकमध्ये आहे.

"पयले भांडं घासून देऊन या," ती म्हणाली. "मंग बोलू." आणि आत निघून गेली.

पाहुणे गेल्यावर काकू रडल्या. स्थळ गेलं असंच आम्ही सगळ्यांनी धरलं. आठ दिवसांनी भाचीच्या मोबाइलवर एक फोटो आला. चकचकीत घासलेलं स्टीलचं भांडं, आणि ते हातात धरून उभी असलेली, पांढऱ्या केसांची एक उंच बाई. भाचीने फोटो मोठा करून भांड्याच्या तळाकडे नीट पाहिलं आणि होकार कळवला.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. भांडं परत करताना मुलाने त्या बाईंना सगळं सांगितलं होतं, फळ्यासकट. त्यांनी म्हटलं, मला या गृहस्थांशी बोलायचं आहे. पुढच्या रविवारी सकाळी फोन लागणार असं ठरलं. काकांनी निवृत्तीच्या सत्कारात मिळालेला कोट घातला. मे महिना होता. काकूंनी पंखा त्यांच्याकडे फिरवला. दुभाषी मी.

बाईंनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, आमच्या देशाबद्दल तुम्हाला नेमकं काय वाटतं, ते मला ऐकायचं आहे. मी भाषांतर केलं. काका इतका वेळ गप्प राहिले की फोन तुटला असं वाटून त्या बाई हॅलो हॅलो करू लागल्या. इतकी वर्षं हा माणूस सगळ्या गावाला विचारत फिरत होता. त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग काका बोलले. मोठ्या दुष्काळाच्या वर्षी त्यांच्या गावच्या शाळेत अमेरिकेची दुधाची पावडर आली होती. पातेल्यात किती माप पावडर टाकायची ते हेडमास्तरांनी ठरवून दिलं होतं आणि मोजून टाकायचं काम वर्गातल्या हुशार मुलाकडे होतं, म्हणजे काकांकडे. त्यांनी एवढं गोड दूध कधी चाखलं नव्हतं. आणखी गोड व्हावं म्हणून त्यांनी मापं दुप्पट टाकली. दुपारी सगळी शाळा पोट धरून नाल्याकडे पळाली, हेडमास्तरांसकट. गावाने म्हटलं, गोऱ्यांनी खराब माल पाठवला. दूध बंद झालं. पुढे कितीतरी वर्षं त्या गावात अमेरिकेचं नाव घेतलं की म्हातारे थुंकायचे.

"मी कोनाले सांगतलं नाही," काका म्हणाले. "आज पयल्यांदा सांगून राह्यलो."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही हे माहीत नव्हतं.

मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. नाल्याचं सांगताना मला योग्य शब्द सापडेना, पण बाईंना कळलं. त्या हसायला लागल्या त्या चष्मा काढून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, त्यांना सांगा, अमेरिकेतर्फे मी त्यांना माफ केलं.

काकांनी मला हळू आवाजात विचारलं, "यायले तसा अधिकार हाय काय?"

मी तेही विचारलं. बाई म्हणाल्या, त्यांना वजन करायचा जेवढा आहे, तेवढाच.

काकांनी यावर विचार केला आणि मान्य केलं. मग त्यांनी कोट काढला.

लग्न दिवाळीनंतर मालेगावला झालं. पत्नीचा व्हिसा लवकर मिळाला, हे नशीब. भाची तिकडे गेली आणि त्या बाईंच्या वरच्याच मजल्यावर राहू लागली. काकूंनी तिच्यासोबत भिवापुरी मिरचीची पूड आणि अख्ख्या मिरच्या अशा बांधून दिल्या होत्या की जणू तिकडे दुष्काळ आहे.

दोन महिन्यांनी एका सकाळी तिचा फोन आला. आदल्या दिवशी तिने वरणाला फोडणी दिली, मिरच्या जरा जास्त पडल्या, तेलही जास्त तापलं. तिथल्या घरांत धूर झाला की आपोआप घंटा वाजते आणि सगळी इमारत रिकामी करावी लागते. तशी झाली. बर्फात सगळे शेजारी खोकत उभे राहिले. आगीचा बंब आला. मागेही एकदा असंच झालं होतं आणि घरमालकाने या दोघांना ताकीद दिली होती, की पुन्हा झालं तर घर सोडा. ही पुढे होऊन कबूल करणार, तोच त्या म्हाताऱ्या बाई बंबवाल्यांना म्हणाल्या की भांडं माझ्या गॅसवर करपलं, विसरले मी. बंबवाल्यांनी त्यांना सगळ्यांसमोर समज दिली, की या वयात एकटीने स्वयंपाक करत जाऊ नका. बाई मान खाली घालून हो हो म्हणाल्या. मागाहून जिन्यात भाचीला त्यांनी विचारलं, वरण उरलं आहे का?

हे सांगताना भाची हसत होती. काकूही हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी उभं राहून तीन-चार फेऱ्या घातल्या आणि माझ्या खोलीच्या दाराशी आले. म्हणाले, कागद घ्या, इंग्रजीत पत्र लिहा, तिथल्या बंबवाल्यांना. मी म्हटलं, अहो काका, मुलांना घर सोडावं लागेल. त्यांनी फोन पुढे केला. त्यांनी भाचीला आधीच विचारलं होतं. तीही हो म्हणाली होती, आणि घरमालकाकडे ती स्वतः जाऊन येणार होती.

"आपल्या फोडनीपाई थ्या बाईनं बोलनं खाल्लं," काका म्हणाले. "हे अस्संच ठेवू काय?"

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. मान्यवर बंबवाले साहेब, अमुक दिवशी जो धूर झाला तो भारताचा होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा त्यात काही दोष नाही. त्यांचा स्वयंपाक उत्तम असतो, आमच्या जावयाने चार दिवस खाल्ला आहे. त्यांना एकटीने स्वयंपाक करू द्यावा. मिरच्या आमच्याकडून आल्या होत्या. खाली काकांनी मराठीत सही केली.

मी पाकीट बंद करणार तेवढ्यात काकू हात पुसत आल्या. त्यांनी सगळं पत्र मला मराठीत वाचून दाखवायला लावलं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, हे ठीक आहे, पण मुद्द्याचं राहिलंच. "त्यायच्या सैपाकघराले खिडकी नाही काय? लिवा, पयले खिडकी पाडून घ्या म्हना."

काकांनी मान डोलावली. मी खाली जागा शोधून तेही लिहिलं.